दुरुस्ती झाली, पण पाहिली कोणी?

मे महिना उजाडला की मुंबईतील धोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागतात. म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आपली यादी जाहीर करते, महानगरपालिका आपली. जिन्यात नोटिसा डकवल्या जातात, रहिवाशांना घरे रिकामी करण्यास सांगितले जाते, आणि जाणार कोठे या प्रश्नाचे उत्तर नसल्याने बहुतेक रहिवासी जागच्या जागी राहतात. पुढे एखाद्या मुसळधार पावसात कोठेतरी इमारत कोसळते. चौकशीची घोषणा होते, मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते, गणपती येतात आणि विषय मागे पडतो. हे चक्र आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विपरीत आहे असेही कोणास वाटेनासे झाले आहे.

या चक्रात चर्चा होते ती दोनच प्रकारच्या इमारतींची. यादीत असूनही रिकाम्या न झालेल्या, आणि यादीत नसतानाही कोसळलेल्या. परंतु यांखेरीज तिसराही एक वर्ग आहे आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. ज्या इमारतींत दोष आढळला, दुरुस्ती सुचवली गेली, ती केली गेली आणि फायलीवर ‘काम पूर्ण’ असा शेरा पडला, त्या या वर्गात मोडतात. तो शेरा कोणी मारला, काय पाहून मारला आणि ज्या दोषासाठी दुरुस्ती सांगितली होती तो दोष खरोखर गेला काय, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. दोष शोधणारी पहिली तपासणी आपण कायद्याने बांधून घेतली आहे. दोष दूर झाल्याची खातरजमा करणारी दुसरी तपासणी मात्र संबंधितांच्या चांगुलपणावर सोडून दिली आहे. घरदुरुस्तीच्या आपल्या साऱ्या व्यवस्थेतील खरी उणीव ही आहे.

नुसते कळणे पुरेसे नाही

२७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोड येथील बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि ६१ माणसे मृत्युमुखी पडली. ही इमारत कोणा बेफिकीर घरमालकाची नव्हती. ती महानगरपालिकेच्या मालकीची होती आणि तीत राहत होते ते पालिकेचेच कर्मचारी व त्यांची कुटुंबे. म्हणजे इमारतींवर देखरेख ठेवण्याचे काम ज्या संस्थेकडे आहे, तीच येथे मालक होती. इमारतीस दुरुस्तीची निकड असल्याची नोंद कागदोपत्री आधीच झालेली होती. अज्ञान हे कारण येथे कोणासही पुढे करता आले नाही. दोष कळणे आणि दोष जाणे यांत जे अंतर असते, त्या अंतरात ६१ माणसे गाडली गेली.

त्यानंतरची यादीही लहान नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळून १७ जण दगावले; तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांकडे तेव्हा बोट दाखवण्यात आले. पुढच्याच महिन्यात, ३१ ऑगस्ट रोजी, भेंडीबाजारातील हुसैनी इमारतीने ३३ बळी घेतले. २०२० च्या ऑगस्टमध्ये महाड येथील तारिक गार्डन ही उण्यापुऱ्या दहा वर्षांचीही नसलेली इमारत कोसळून १६ जण मरण पावले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळली तेव्हा मृतांचा आकडा १७ वर गेला. या प्रत्येक दुर्घटनेची कारणे निराळी आहेत आणि त्या साऱ्यांस एकच औषध लागू पडेल असे कोणी म्हणणार नाही. तथापि प्रत्येक वेळी चौकशीत विचारला जाणारा एक प्रश्न समान असतो: शेवटचे कोणी, केव्हा आणि काय पाहिले होते? त्यास समाधानकारक उत्तर क्वचितच मिळते.

कायदा काय म्हणतो

ही व्यवस्था मुळात कशी उभी राहिली हे ध्यानात घेतले पाहिजे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या जागांची भाडी गोठवली गेली. भाडेकरूस संरक्षण मिळाले. पण भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीचा खर्च निघेना, तेव्हा घरमालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली. साठच्या दशकात चाळी कोसळू लागल्या. १९६८ मध्ये बेडेकर समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींच्या अनुषंगाने १९६९ चा कायदा होऊन दुरुस्ती मंडळ अस्तित्वात आले. उपकर भरावा आणि त्या बदल्यात शासनाच्या मंडळाने संरचनात्मक दुरुस्ती करून द्यावी, अशी ही योजना होती. तिच्या कक्षेत आरंभी १९,६४२ इमारती आल्या. त्यांपैकी १६,५०२ तर १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. गिरणगाव, गिरगाव, काळबादेवी, भायखळा येथील हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर या योजनेमुळे टिकले, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. कुजलेल्या लाकडी तुळयांच्या जागी लोखंडी गर्डर आले, वाळवीने पोखरलेले खांब बदलले गेले, पडवीला टेकू मिळाले. मात्र दुरुस्ती करणारे मंडळ, तिचा दर्जा ठरवणारे मंडळ आणि ती झाली असे सांगणारेही मंडळच, अशी ही रचना पहिल्यापासून राहिली.

उपनगरांतील आणि नव्या वस्त्यांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे प्रकरण निराळे आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची पालिकेकडे नोंदलेल्या संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे आणि ती राहण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र पालिकेस सादर करणे बंधनकारक आहे. त्यानंतर दर दहा वर्षांनी, किंवा इमारतीची स्थिती व झालेली दुरुस्ती लक्षात घेऊन आयुक्त ठरवतील त्याहून लवकर, ही तपासणी पुन्हा व्हावयाची आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तर याहून कडक तरतूद आहे: १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा, आणि ३० वर्षांवरील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा.

पहिल्या तपासणीचे वय, मुदत, अधिकारी आणि दंड असे सारे तपशील येथे मुक्रर झालेले दिसतात. परंतु अभियंत्याने दुरुस्ती सुचवल्यावर पुढे काय? त्याविषयी कलमाचे म्हणणे इतकेच की ती दुरुस्ती आयुक्तांचे समाधान होईल अशा रीतीने करावी. दीड कोटीच्या घरात लोकवस्ती असलेल्या शहरात हजारो इमारतींच्या सळयांबाबत आयुक्तांचे समाधान व्हावयाचे ते कसे? ते कागदानेच होणार हे उघड आहे. दुरुस्ती करवून घेणाऱ्या सल्लागाराने लिहून दिलेले प्रमाणपत्र विभाग कार्यालयात जाते, तेथे आवक क्रमांक पडतो आणि समाधान झाले असे समजले जाते. चूक दाखवून वही परत करणारा, पण विद्यार्थ्याने ती सुधारली काय हे पुन्हा न पाहणारा शिक्षक आपल्या शाळांतून कोणास रुचणार नाही. इमारतींच्या बाबतीत मात्र नेमकी तीच पद्धत आपण मान्य केली आहे.

गिलाव्याआड काय आहे

दुसरी तपासणी ही निव्वळ औपचारिकता नव्हे, यामागे तांत्रिक कारण आहे आणि ते सामान्य रहिवाशानेही समजून घेण्यासारखे आहे. काँक्रीट ताजे असते तेव्हा त्यातील अल्कधर्मी गुणामुळे सळईवर संरक्षक थर राहतो. कालांतराने हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, समुद्रकाठी त्यास खारट हवेची जोड मिळते आणि सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. तो आतून रेटा देतो, काँक्रीटला सळईच्या रेषेत तडे जातात आणि शेवटी छताचे पोपडे जेवणाच्या ताटात पडू लागतात. यावर खरा उपाय कष्टाचा आहे. सैल काँक्रीट सळईच्या मागपर्यंत तोडून काढावयाचे, गंज घासून लोखंड पांढरे करावयाचे, जी सळई फार झिजली असेल तिला नवी जोडावयाची, गंजरोधक लेप द्यावयाचा आणि मग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने अथवा नव्या काँक्रीटच्या आवरणाने तो भाग भरून काढावयाचा. खोटा उपाय सोपा आहे. पोपडा ठोकून पाडावयाचा, वर सिमेंटचा गिलावा ओढावयाचा आणि रंग द्यावयाचा. काम संपल्यानंतरच्या आठवड्यात हे दोन्ही खांब शेजारी उभे केले, तर कोणता खरा व कोणता खोटा हे उत्तम अभियंत्यासही नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही. म्हणूनच रंग सुकल्यावर जी पाहणी होते ती रंगाची पाहणी होय. खरी तपासणी गिलाव्याच्या आधी, सळई उघडी असताना व्हावी लागते, आणि तीही प्रत्येक टप्प्यावर.

एवढ्यानेही भागत नाही. प्रामाणिकपणे केलेल्या दुरुस्तीतही एक धोका संभवतो. एखाद्या तुळईचा सर्वांत गंजलेला तुकडा नव्या मसाल्याने भरला, की तो भाग सुरक्षित होतो. परंतु आजवर तोच भाग गंज स्वतःवर ओढून घेत असल्याने शेजारचे लोखंड वाचलेले असते. ठिगळ लागताच गंजण्याची पाळी त्या शेजारच्या लोखंडावर येते. खारट हवेच्या मुंबईत हे विशेष घडते. दुरुस्त केलेल्या जागेच्या कडेलाच दोन-तीन वर्षांत नवा तडा दिसतो तो यामुळे, आणि रहिवासी समजतो की कंत्राटदाराने फसवले. कधी ते खरे असते, कधी नसते. या दोहोंतील भेद पुनर्तपासणीनेच कळतो. त्यासाठी साधने फार दुर्मीळ आहेत असेही नाही. तोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचा द्राव शिंपडला तर निरोगी भाग गुलाबी होतो, बिघडलेला होत नाही. ध्वनिलहरींची चाचणी आतील पोकळी दाखवते. गच्ची व न्हाणीघराच्या गळतीची परीक्षा तर कोणत्याही यंत्रावाचून, तेथे चोवीस-अठ्ठेचाळीस तास पाणी साठवून करता येते.

एकाच्या तीन भूमिका

मग ही तपासणी का होत नाही? पहिले कारण हे की सर्वसाधारण गृहनिर्माण संस्थेत ऑडिट करणारा, दुरुस्तीचे अंदाजपत्रक बनवणारा, कंत्राटदारावर देखरेख करणारा आणि शेवटी काम योग्य झाल्याचा दाखला देणारा सल्लागार बहुधा एकच असतो. त्याचे शुल्क अनेकदा कामाच्या एकूण रकमेच्या टक्केवारीने ठरते. म्हणजे काम वाढले तर त्याचा लाभ, आणि काम निकृष्ट झाल्याचे त्याने लिहिले तर ते त्याच्याच देखरेखीवरचे दोषारोपपत्र! असा माणूस वाईटच असतो असे नव्हे. पुष्कळ अभियंते आपली सही जपणारे आहेत. परंतु स्वतःच्या उत्तरपत्रिकेस स्वतःच गुण द्यावयाचे ही पद्धत सज्जनांच्या हातूनही न्याय करवून घेत नाही.

दुसरे कारण रहिवाशांचेच आहे, आणि ते स्पष्ट बोलले पाहिजे. वर्षभर बांबूंच्या परातीआड घर काळोखे झालेले असते. धूळ, ठोकाठोकी आणि वाढीव वर्गणी यांनी सारे त्रासलेले असतात. भविष्यनिर्वाह निधीतून उचल काढून अनेकांनी आपला हप्ता भरलेला असतो. अशा वेळी काम एकदाचे संपावे, परात उतरावी एवढीच प्रत्येकाची इच्छा असते. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड जमा व्हावयास हवा. ज्या संस्था तो वर्षानुवर्षे जमवत नाहीत, त्यांना ऐन वेळी सर्वांत स्वस्त निविदा स्वीकारण्यावाचून गत्यंतर उरत नाही. शिवाय अभियंता तपासणीस आला की घराचे दार न उघडणारे आणि स्वतःच्या घरात भिंत पाडून खोली मोठी करणारे सभासदही प्रत्येक संस्थेत असतातच. दोष साऱ्या जगाचा आणि आपले घर तेवढे त्यास अपवाद, ही वृत्ती इमारतीस मानवत नाही. तुळई कोणाच्या घरातून गेली आहे हे भाराला ठाऊक नसते.

नव्या इमारतींतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ (३) ने ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला बांधकामाचा दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर करावा, न केल्यास ग्राहकास भरपाई मिळावी, अशी मोलाची तरतूद केली. परंतु दोष दूर झाला हे ठरवावयाचे कोणी आणि केव्हा? जानेवारीत भिंतीची गळती दुरुस्त होते, रंग लागतो आणि ग्राहकाकडून समाधानपत्रावर सही घेतली जाते. जूनमध्ये तीच भिंत पुन्हा पाझरते, तेव्हा ते समाधानपत्र ग्राहकाच्याच विरोधात उभे राहते. आपल्या हवामानात गळतीच्या दुरुस्तीचा खरा परीक्षक पाऊस आहे. तो परीक्षेस बसण्यापूर्वीच निकाल जाहीर करण्याची घाई ग्राहकाने करू नये. तक्रार लेखी व मुद्देवार असावी, प्रत्येक मुद्द्यासमोर काय केले हे विकासकाकडून लिहून घ्यावे, आणि एक पावसाळा गेल्यावर त्याच यादीने पुन्हा पाहणी करून मगच सही द्यावी. एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ वाद टळतील.

आक्षेप आणि उपाय

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. आणखी एक तपासणी म्हणजे आणखी एक निरीक्षक, आणखी एक खेटा आणि कदाचित आणखी एक पाकीट! तपासणीच विश्वासार्ह नसेल तर ती दुप्पट करून काय साधणार? १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळून किमान सहा जणांचा बळी गेला, तेव्हा त्याआधीच्या ऑडिटमध्ये तो किरकोळ दुरुस्तीनिशी वापरास योग्य ठरवला गेल्याचे उघड झाले. ऑडिट करणाऱ्यास व पालिकेच्या अभियंत्यांस अटक झाली. कागद होता, सही होती, शिक्का होता; पूल मात्र उरला नाही.

परंतु या उदाहरणातून निघणारा बोध तपासणी नको असा नसून, एकाच सहीवर विसंबणे नको असा आहे. नव्या निरीक्षकांची फौज उभारण्याची येथे गरज नाही. गरज आहे ती भूमिका विभागण्याची. ज्याने दुरुस्तीचे अंदाजपत्रक केले वा देखरेख केली, त्याने अंतिम प्रमाणपत्र देऊ नये. ते पालिकेकडे नोंदलेल्या दुसऱ्या अभियंत्याने द्यावे, आणि त्याचे शुल्क कामाच्या रकमेवर नव्हे, तर पाहणीवर ठरावे. प्रमाणपत्रातील भाषाही बदलली पाहिजे. ‘इमारत सुस्थितीत आहे’ या एका ओळीऐवजी मूळ अहवालातील प्रत्येक दोष, तो कोठे होता, त्यावर काय केले आणि गिलाव्यापूर्वी तो कोणत्या तारखेस पाहिला, असे कोष्टक असावे. जो भाग पाहता आला नाही, तो पाहिला नाही असे स्पष्ट लिहिले जावे. उघड्या सळईचे दिनांकित छायाचित्र काढण्यास आज कोणतीही अडचण नाही. ते प्रत्येक खांबाचे व तुळईचे असावे आणि अहवालासह संस्थेच्या दप्तरी कायम राहावे. उपकरप्राप्त इमारतींत मंडळाने हेच भाडेकरूंना दाखवण्याचे बंधन स्वतःवर घालून घ्यावे. कंत्राटदाराच्या देयकातून जी रक्कम रोखून ठेवण्याची पद्धत आहे, ती काम संपताच नव्हे, तर एक पावसाळा उलटल्यावर झालेल्या पुनर्तपासणीनंतरच मोकळी करावी. यांतील बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदाही लागणार नाही. दुरुस्ती लक्षात घेऊन इमारत लवकर पुन्हा तपासण्याचा अधिकार कलम ३५३-ब ने आयुक्तांस आधीच दिलेला आहे; तो वापरण्याची इच्छा तेवढी हवी.

शिक्षक, कारकून, निवृत्त गिरणी कामगार यांच्या आयुष्याची सारी शिल्लक एका घरात गुंतलेली असते. ते पडले तर दुसरे घेण्याची त्यांची ऐपत नसते, आणि पडताना ते आत असले तर ऐपतीचा प्रश्नच उरत नाही. अशा माणसाने दुरुस्तीसाठी पैसे मोजल्यावर, ती खरोखर झाली काय एवढे जाणून घेण्याचा त्याचा हक्क शासनाने, पालिकेने आणि संस्थांच्या कार्यकारिणींनी मान्य करावयास हवा. येत्या मे महिन्यात धोकादायक इमारतींची यादी पुन्हा प्रसिद्ध होईल. तिच्यासोबत गेल्या पाच वर्षांत दुरुस्त झालेल्या इमारतींचीही यादी निघावी आणि त्या पुन्हा कोणी पाहिल्या हे तीत नमूद व्हावे. तो रकाना कोराच राहिला, तरी निदान तो कोरा आहे हे त्या घरांत राहणाऱ्यांना पावसाळ्यापूर्वी कळेल.